इटालियनची दुसरी पायरी : मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक परीक्षण

परभाषेच्या अध्ययनात पहिल्या पायरीविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि शेवटच्या पायरीविषयी, म्हणजे वाङ्मयाच्या आस्वादाविषयी, त्याहूनही अधिक लिहिले जाते. मधल्या पायरीकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. विद्यापीठात इटालियन शिकणाऱ्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा ह्या मधल्याच पायरीवर होते. पहिल्या वर्षी त्याने नामांची लिंगे, वर्तमानकाळाची रूपे आणि बाजारात, स्थानकावर, उपाहारगृहात लागणारी वाक्ये पाठ केलेली असतात. दुसऱ्या वर्षी त्याच्यापुढे पाठ करण्याजोगे फारसे नवे येत नाही. निवडण्याजोगे मात्र पुष्कळ येते. भूतकाळाच्या दोन-तीन रूपांपैकी कोणते घ्यावयाचे, दोन सहायक क्रियापदांपैकी कोणते योजावयाचे, निश्चयार्थ ठेवावयाचा की कोंजुन्तीव्हो आणावयाचा, हे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. पाठांतराच्या बळावर पुढे आलेला विद्यार्थी येथे अडखळतो.

युरोपीय परिषदेने 2001 साली प्रसिद्ध केलेल्या सामाईक चौकटीत ह्या पायरीस ‘बी 1’ आणि ‘बी 2’ अशी नावे मिळाली. त्यापूर्वी, 1981 साली, नोरा गाल्ली दे पारातेसी ह्यांनी इटालियनसाठी ‘लिव्हेल्लो सोल्या’, म्हणजे उंबरठ्याची पातळी, आखून दिली होती. पेरुजा आणि सिएना येथील परकीयांसाठी असलेल्या विद्यापीठांच्या अनुक्रमे ‘चेली’ व ‘चिल्स’ ह्या परीक्षाही आज त्या चौकटीस धरूनच होतात. चौकट उपयुक्त आहे, ह्यात शंका नाही. विद्यार्थ्यास काय करता आले पाहिजे, हे ती सांगते; ते त्याने कोणत्या वाटेने साधावे, हे मात्र ती सांगत नाही व सांगण्याचा दावाही करीत नाही. ती वाट पाठ्यपुस्तके ठरवितात, आणि प्रस्तुत परीक्षणाचा विषय तीच वाट होय.

ही पाठ्यपुस्तके दोन जातींची असतात. इटलीत तयार होणारी बहुतेक पुस्तके सबंध इटालियनमध्येच लिहिलेली असतात. वर्गात जपानी, पोलिश, अरब अशा नाना देशींचे विद्यार्थी एकत्र बसत असल्यामुळे कोणा एकाच्या मातृभाषेचा आधार घेणे तेथे शक्यच नसते. दुसरी जात इंग्रजी माध्यमाची. ती ब्रिटन-अमेरिकेतील विद्यापीठांसाठी लिहिली जाते आणि इंग्रजी भाषिकास जे कठीण वाटेल ते कठीण, जे सोपे वाटेल ते सोपे, असे गृहीत धरून धड्यांची आखणी करते. त्या देशांपुरते ह्यात काही गैर नाही. परंतु मराठी विद्यार्थी ह्याच पुस्तकांतून इटालियन शिकतो, आणि नकळत इंग्रजाच्या अडचणी स्वतःच्या म्हणून पत्करतो. ज्या अडचणी त्याला मुळात नाहीत त्यांसाठी तो आठवडे खर्चितो. ज्या खास त्याच्याच आहेत त्यांविषयी पुस्तकात अवाक्षर नसते.

ह्याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण म्हणजे ‘प्याचेरे’ हे क्रियापद. इंग्रजी पुस्तके त्यास स्वतंत्र प्रकरण देतात. आवडणारी वस्तू कर्ता असते, ज्यास आवडते तो अप्रत्यक्ष कर्म असतो, वाक्य जणू उलटे करून वाचावे लागते, अशी समजूत तेथे घातलेली असते. मराठी विद्यार्थीही हे ‘उलटे’ वाक्य मोठ्या निष्ठेने उलटे करून शिकतो. वास्तविक ‘मि प्याचे’ म्हणजे अक्षरशः ‘मला आवडते’. वस्तू अनेक असल्या की इटालियनमध्ये ‘मि प्याच्चोनो’ होते. मराठीत ‘मला आवडतात’ होते. भूतकाळात तर साम्य आणखी गाढ आहे. ‘मि ए प्याचूता ला पोएझीआ’ आणि ‘मला ती कविता आवडली’ ह्या दोन वाक्यांत ‘पोएझीआ’ आणि ‘कविता’ ही नामे स्त्रीलिंगी, क्रियापदाचे रूप दोन्हीकडे स्त्रीलिंगी, आणि आवडून घेणारा दोन्हीकडे चतुर्थीत. बोलणारा पुरुष असो वा स्त्री, ‘प्याचूता’ आणि ‘आवडली’ ही रूपे बदलत नाहीत. उलटे काही असेल तर ते इंग्रजीतील वाक्य होय.

ही एकट्या ‘प्याचेरे’ची गोष्ट नव्हे. ‘मि सेंब्रा’ म्हणजे ‘मला वाटते’. ‘मि सेर्व्होनो दूए लीब्री’ म्हणजे ‘मला दोन पुस्तके लागतात’. ‘ची व्होल्योनो दूए ओरे’, म्हणजे ‘दोन तास लागतात’, हे वाक्य इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यास वाक्प्रचार म्हणून घोकावे लागते, कारण त्यात वचन तासांकडून येते हे त्याच्या पचनी पडत नाही. ‘एक तास लागतो, दोन तास लागतात’ असे रोज बोलणाऱ्यास ते पचविण्याचे कारणच नाही. रुच् धातूच्या योगे ज्यास रुचते त्यास संप्रदान मानून पाणिनीने चतुर्थीची सोय केली, हे संस्कृतच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. लॅटिनमध्येही ‘प्लाचेरे’ची हीच रीत होती. मराठीत ह्या रचनेचा जो विस्तार झाला तो भारतातील इतर भाषांच्या सहवासातही झाला असल्यामुळे सगळे साम्य एकाच कुळातून आले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि अध्यापनास साम्याचे मूळ लागत नाही. साम्य असले म्हणजे पुरे.

ह्या दोन भाषांकुळांचे नाते एका इटालियन माणसाच्या ध्यानी फार पूर्वी आले होते, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी 1583 साली कोचीनला आला आणि 1588 साली गोव्यात वारला. मायदेशी धाडलेल्या पत्रांत त्याने देव, सर्प आणि सहा, सात, आठ, नऊ ह्या संख्या संस्कृतात व आपल्या भाषेत किती जवळच्या आहेत, ह्याची नोंद केली. सास्सेत्ती शब्दांपाशी थांबला. त्या काळी त्याहून अधिक अपेक्षाही करता येत नाही. आजच्या वर्गातही मराठी आणि इटालियन ह्यांच्या नात्याचा उल्लेख झालाच तर तो ‘सेत्ते’ आणि ‘सप्त’ ह्यांच्या गमतीपुरता होतो. दुसऱ्या पायरीवर उपयोगी पडणारे नाते शब्दांत नसून प्रयोगांत आहे.

शालेय मराठी व्याकरणात कर्तरी, कर्मणी व भावे असे तीन प्रयोग शिकविले जातात. दामल्यांच्या 1911 सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त त्यांची सविस्तर चर्चा आहे. परीक्षा संपली की विद्यार्थी ते विसरतो. इटालियनच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात, पास्सातो प्रॉस्सिमोच्या धड्यापाशी, ते त्याला पुन्हा आठवावयास हवेत. ‘मी गेलो’ असे पुरुष म्हणतो, ‘मी गेले’ असे स्त्री म्हणते. इटालियनमध्ये ‘सोनो आंदातो’ आणि ‘सोनो आंदाता’. ‘ती आली’ म्हणजे ‘ए आर्रिव्हाता’. ‘जाणे’, ‘येणे’, ‘जन्मणे’, ‘राहणे’ ह्या क्रियापदांबरोबर मराठी कर्त्यास ‘ने’ लागत नाही आणि इटालियन ‘एस्सेरे’ हे सहायक घेते. उलटपक्षी ‘त्याने चिठ्ठी वाचली’ येथे मराठीत ‘ने’ येतो आणि इटालियनमध्ये ‘आव्हेरे’. दोन्ही भाषांनी जुने भूतकालवाचक धातुसाधित उचलून त्यावर नवा भूतकाळ उभारला, म्हणून हे घडले. मराठीने संस्कृतातील क्तान्तास तृतीयेतील कर्ता जोडला. इटालियनच्या पूर्वजांनी लॅटिनमधील ‘हाबेओ एपिस्तुलाम् स्क्रिप्ताम्’, म्हणजे ‘माझ्यापाशी लिहिलेले पत्र आहे’, ह्या धाटणीस भूतकाळाचा अर्थ दिला. वाटा निराळ्या, परंतु दोहोंतही धातुसाधिताचा कर्माशी लिंगवचनाचा मेळ होता. मराठीने तो राखला. इटालियनने तो निम्मा सोडला. आणि जेथे सोडला तेथेच मराठी विद्यार्थ्याचे पाऊल घसरण्याचा संभव आहे.

‘ओ लेत्तो ला लेत्तेरा’, म्हणजे ‘मी चिठ्ठी वाचली’, ह्यात कर्म नंतर आल्यामुळे धातुसाधित ‘लेत्तो’ असे अविकृत राहते. कर्माऐवजी सर्वनाम पुढे आले की मात्र ‘लो लेत्ता’, म्हणजे ‘ती वाचली’, असा मेळ अनिवार्य होतो. मराठी विद्यार्थ्यास दुसरे वाक्य सहज साधावे. पहिल्यात तो ‘लेत्ता’ म्हणण्याकडे झुकेल. जुन्या इटालियन लेखनात तसेही आढळते, हे त्याच्या समाधानासाठी सांगता येईल, परंतु उत्तरपत्रिकेत त्याचा उपयोग नाही. ह्याहून सूक्ष्म अडचण भावे प्रयोगाची आहे. ‘मी ती चिठ्ठी पाहिली’, परंतु ‘मी तिला पाहिले’. मराठीत व्यक्तिवाचक कर्मास ‘ला’ लागला की मेळ तुटतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी होते. इटालियनमध्ये व्यक्ती असो वा वस्तू, ‘लो व्हिस्ता’ हेच खरे. तेव्हा चिठ्ठीच्या बाबतीत अचूक लिहिणारा विद्यार्थी बहिणीच्या बाबतीत चुकावा, हे स्वाभाविक आहे. ही चूक इंग्रजी भाषिक विद्यार्थ्याच्या चुकीहून निराळी आहे. तो मेळ सर्वत्रच विसरतो. त्याच्यासाठी लिहिलेला धडा व्यक्ती आणि वस्तू असा भेद करीत नाही, कारण तो भेद त्याला शिवतही नाही.

सहायक क्रियापदांच्या वाटणीतही असेच. ‘एस्सेरे’ घेणाऱ्या क्रियापदांची यादी मराठी विद्यार्थ्यास पाठ करावी लागू नये. ‘ने’ची कसोटी त्यास बऱ्याच दूरवर नेईल. परंतु झोपणे, चालणे, बोलणे, हसणे, रडणे, नाचणे ह्या क्रियापदांपाशी ती दगा देते. ‘ती झोपली’ येथे ‘ने’ नाही, आणि तरीही इटालियनमध्ये ‘आ दोर्मीतो’, तेही शेवटी पुल्लिंगी ‘ओ’ घेऊन. हसणे, रडणे ह्यांत कर्ता स्वतः काही करतो. येणे, जन्मणे ह्यांत त्याला काही घडते. हा भेद इटालियनने सहायकाच्या निवडीत नोंदविला आणि मराठीने नोंदविला नाही. उलट दिशेने ‘तिने कपडे घातले’ येथे ‘ने’ असूनही इटालियनमध्ये आत्मवाचक ‘सि ए व्हेस्तीता’ होते, म्हणजे सहायक ‘एस्सेरे’च. एवढी सहा-सात क्रियापदे आणि आत्मवाचकांचा एक नियम सांगितला की मराठी विद्यार्थ्याचा धडा संपतो. त्याऐवजी त्याला गतिवाचक क्रियापदांची एक लांबलचक यादी आणि तिच्या अपवादांची दुसरी यादी देण्यात येते.

दुसऱ्या पायरीचा गाभा म्हणून ज्याची ख्याती आहे तो इंपेर्फेत्तो आणि पास्सातो प्रॉस्सिमो ह्यांतील भेद आता पाहावा. इंग्रजीत साधा भूतकाळ दोहोंचे काम करतो, म्हणून तेथे हा भेद अथपासून शिकवावा लागतो. मराठीत ‘वाचत होतो’ हा अपूर्ण भूतकाळ आहे, ‘वाचत असे’ हा रीतिभूतकाळ आहे, आणि ‘जाई, येई, करी’ ही रीतिभूताची जुनी, परंतु कथाकारांच्या हाती अजून जिवंत असलेली रूपे आहेत. इंपेर्फेत्तो ह्या सर्वांचे काम एकटा करतो. म्हणजे मराठी विद्यार्थ्यापाशी इटालियनहून भेद अधिकच आहेत. त्याला ते फक्त एकत्र करावयाचे आहेत. पाठ्यपुस्तके जी क्रियापदे ‘इंपेर्फेत्तोत एक आणि प्रॉस्सिमोत दुसराच अर्थ’ म्हणून चौकटीत छापतात, त्यांचे रहस्य मराठीत उलगडून सांगण्यास एकेक ओळ पुरते. ‘सापेव्हो’ म्हणजे ‘मला ठाऊक होते’, ‘ओ सापूतो’ म्हणजे ‘मला कळले’. ‘कोनोशेव्हो’ म्हणजे ‘ओळखत होतो’, ‘ओ कोनोशूतो’ म्हणजे ‘ओळख झाली’. ‘पोतेव्हो’ म्हणजे ‘करता येत होते’, ‘ओ पोतूतो’ म्हणजे ‘करता आले’. इंग्रजीच्या एका शब्दात हे दोन अर्थ मिसळून गेलेले असतात. मराठी विद्यार्थी आधी मराठीतील स्पष्ट भेद इंग्रजीत बुडवितो आणि मग इटालियनसाठी तो पुन्हा बाहेर काढतो. ‘स्तूदियो इतालियानो दा दूए आन्नी’ ह्या वाक्याचीही तीच कथा आहे. ‘दोन वर्षांपासून इटालियन शिकतो आहे’ असे वर्तमानकाळातच बोलणाऱ्यास ह्या ‘दा’चे नवल वाटण्याचे कारण नाही.

तथापि येथेही मराठीचे स्वतःचे खड्डे आहेत, आणि त्यांतील एक मोठा आहे. ‘काल मी बाजारात गेलो होतो’ हे मराठीतील अगदी साधे वाक्य होय. त्यात दुसऱ्या कोणत्या घटनेच्या पूर्वी, असा अर्थ असतोच असे नाही. बोलणारा फक्त एक आटोपलेली, आतापासून तुटलेली गोष्ट सांगतो. विद्यार्थ्याने त्याचे ‘एरो आंदातो’ केले की इटालियन श्रोता वाट पाहत राहतो की, गेला होता, आणि मग काय झाले? इटालियनमधील त्रापास्सातोस पुढच्या घटनेची अपेक्षा असते. येथे ‘सोनो आंदातो’ हवे. इंग्रजी पुस्तकात ही सूचना असणे शक्य नाही, कारण इंग्रज असे चुकत नाही. तसेच ‘होता’ आणि ‘झाला’ ह्यांचे. ‘परीक्षा कठीण होती’ ह्यावरून ‘एरा’ की ‘ए स्ताता’, हे ठरत नाही. ‘व्याख्यान चांगले झाले’ असे म्हणता येत असेल तेथे बहुधा ‘ए स्ताता’ किंवा ‘ए स्तातो’ बसते, एवढी खूण सांगता येईल. ती पुरेशी नाही.

पास्सातो रेमोतोची व्यवस्था पाठ्यपुस्तकांत ‘ओळखता आले म्हणजे झाले’ अशी असते. उत्तर इटलीच्या बोलण्यात ते जवळजवळ लोपले आहे, हे कारण पुढे केले जाते. परंतु दक्षिणेत ते बोलण्यात आहे, तोस्कानात आहे, आणि 1883 सालच्या ‘पिनोक्यो’पासून पुढे कथावाङ्मयात ते पानोपानी आहे. ज्या वर्षी विद्यार्थी पहिले सबंध पुस्तक हाती घेणार त्याच वर्षी पुस्तकांचा काळ त्याच्यापासून दूर ठेवणे, हे शहाणपणाचे नव्हे.

मधल्या पायरीवरील विद्यार्थ्याचे आत्मनिवेदन म्हणून झुंपा लाहिरी ह्यांचे ‘इन आल्त्रे पारोले’ (2015) हे पुस्तक विद्यापीठांतून आवडीने वाचले जाते. लंडनमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेत वाढलेल्या, घरी बंगाली ऐकलेल्या ह्या लेखिकेने 2012 साली रोममध्ये बिऱ्हाड केले आणि पुढे थेट इटालियनमध्ये लिहिले. पुस्तकात एक प्रकरण इंपेर्फेत्तोच्या अडचणीवर आहे. दुसऱ्यात बंगाली, इंग्रजी आणि इटालियन असा त्रिकोण आहे. पुस्तक प्रांजळ आहे, आणि निवडीपाशी अडलेल्या मनाचे चित्रण त्यात खरे उतरले आहे. पण बंगालीतही नित्य भूतकाळाचे स्वतंत्र रूप आहे. असे असता इंपेर्फेत्तो इतका परका का वाटावा? ज्या भाषेत लेखिकेचे सारे वाचन-लेखन घडले त्या इंग्रजीच्या खिडकीतून तो पाहिला गेला म्हणून, असे मानण्यास जागा आहे. त्रिकोणाची बंगाली बाजू भावनेत आहे, व्याकरणात ती दिसत नाही. हा त्या पुस्तकाचा दोष म्हणता येणार नाही. भारतीय भाषा घरी आणि इंग्रजी शाळेत, अशा रीतीने वाढलेल्या सर्वांच्याच शिक्षणाचे ते लक्षण आहे.

मातृभाषेचा आधार घेण्यावर एक जुना आक्षेप आहे, आणि तो टाळता येत नाही. रॉबर्ट लाडो ह्यांच्या 1957 सालच्या ग्रंथानंतर भाषांची तुलना करून चुकांचे भाकीत करण्याची मोठी लाट आली, आणि पुढच्या दोन दशकांत ती ओसरली. भाकीत केलेल्या कित्येक चुका घडत नाहीत, आणि घडणाऱ्या कित्येकांचे मूळ मातृभाषेत नसते, असे दिसून आले. कॉर्डर ह्यांनी 1967 साली आणि सेलिंकर ह्यांनी 1972 साली विद्यार्थ्याची मधली भाषा हीच एक स्वतंत्र व्यवस्था म्हणून पाहावयास शिकविले. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. येथे मागणी भाकिताची नाही, स्पष्टीकरणाची आहे. इंग्रजी माध्यमाचे पुस्तक तुलना टाळीत नाही; ते पानोपानी तुलनाच करते, फक्त ती इंग्रजीशी असते. तेव्हा प्रश्न तुलना करावी की नाही हा नसून कोणाशी करावी हा आहे. वर उल्लेखिलेल्या चुकाही संभवनीय म्हणूनच मांडल्या आहेत. त्या प्रत्यक्ष किती घडतात हे उत्तरपत्रिकांच्या आधारे तपासणे, हा पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रबंधाचा चांगला विषय ठरेल.

राहिला कोंजुन्तीव्हो. त्याचा धाक वर्गात सर्वांत मोठा. ‘व्होल्यो के तू व्हेंगा’ ह्यास मराठीत ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ हा विध्यर्थ आहे. ‘क्रेदो के सीआ मालातो’ ह्यास ‘तो आजारी असावा’ आहे. इथवर मराठी सोबत करते आणि पुढे ती सोडून देते. ‘सेब्बेने’च्या मागून येणाऱ्या कोंजुन्तीव्होस मराठीत ‘असला तरी’ ही निराळी धाटणी आहे, ‘प्रीमा के’ ह्यास ‘येण्यापूर्वी’ हे धातुसाधित आहे, आणि ‘मला वाटते, तो आजारी आहे’ असा साधा निश्चयार्थही मराठीस मुळीच खटकत नाही. इटालियन बोलण्यातही ‘वाटते’ नंतर निश्चयार्थ पुष्कळदा येतो. साबातीनी ह्यांनी 1985 साली ‘सरासरी वापराची इटालियन’ म्हणून, आणि बेर्रुतो ह्यांनी 1987 साली ‘नवप्रमाण’ म्हणून, ज्या भाषारूपाचे वर्णन केले, त्यातील ही एक ठळक गोष्ट होय. परीक्षा जुने प्रमाण मागते, रस्ता नवे ऐकवितो, आणि पाठ्यपुस्तक ह्या तफावतीवर मौन पाळते.

संकेतार्थात हे मौन विशेष जाणवते. ‘मला ठाऊक असते तर मी आलो असतो’ ह्या मराठी वाक्यात ‘असते’ आणि ‘असतो’, दोन्ही अंगे एकाच घडणीची आहेत. प्रमाण इटालियनमध्ये ती दोन निराळ्या रूपांनी भरावी लागतात : ‘से लाव्हेस्सी सापूतो, सारेई व्हेनूतो’. विद्यार्थी पहिल्या अंगात एक आणि दुसऱ्यात दुसरे, हे मोजून मोजून लिहितो. तोच विद्यार्थी रोमच्या बसमध्ये ‘से लो सापेव्हो, व्हेनीव्हो’ असे ऐकतो. दोन्ही अंगांस इंपेर्फेत्तो, मराठीसारखेच समतोल. त्याच्या पुस्तकात हे वाक्य ‘अशुद्ध’ ह्या एका शब्दाखाली, अथवा मुळीच, दिलेले नसते.